विसर्जन मिरवणुकीत कॅन्डिड फोटो : लेन्स, जागा, वेळ (सल्ला हवा)

सायली_पिंपरी
नमस्कार मंडळी. यंदा पुण्याची विसर्जन मिरवणूक नीट शूट करायची आहे. कॅनन १५००डी कॅमेरा आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम लेन्स. अडचण अशी की कॅमेरा वर केला रे केला की लोक पोझ देतात. ढोलवाले टिपरू उंचावतात, पोरं दोन बोटं दाखवतात, काकू पदर सावरतात. लांबून काढावं तर मध्ये कुणाचा तरी मोबाईल. नवी लेन्स घेऊ का? उभं कुठं राहायचं? एकटीच असेन, रात्री थांबणं कितपत ठीक?

जुना_पेठकर
५५-२५० घरी ठेवा. लक्ष्मी रोडवर त्या दिवशी दहा फूट मोकळे मिळत नाहीत, तिथं अडीचशे एमएमचं करणार काय? १८-५५ चोवीसवर लावा आणि झूमला हात लावू नका. खर्च करायचाच असेल तर २४ एमएम एफ/२.८ पॅनकेक (चपटी लेन्स) घ्या. एवढीशी लेन्स बघून समोरचा सावध होत नाही.

आता जागा. मानाचे पाच गणपती, म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, सकाळी मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघतात. बेलबाग चौकातून लक्ष्मी रोडला लागून अलका चौकाकडे जातात. थोडक्यात, मिरवणूक पूर्वेकडून पश्चिमेला चालते. दुपारी चारनंतर ऊन रस्त्याच्या लांबीने येतं आणि थेट वादकांच्या तोंडावर पडतं. मिरवणुकीच्या पुढं, तिच्याकडं तोंड करून मागं मागं सरकत राहिलात की सूर्य तुमच्या पाठीशी. गुलाल मात्र उलट बाजूनं, उन्हाकडं बघत काढा, तेव्हाच तो पेटतो. आभाळ भरलेलं असेल तर हे सगळं विसरा, कुठूनही काढा. बेलबाग चौकात चेंगराल. कुंटे चौकाच्या पुढं, विजय टॉकीजपर्यंतचा पट्टा त्यातल्या त्यात बरा.

ताशा_कडकड
मी पथकात वाजवते, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगते. मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा येऊ नका! नदीकाठी पथकांचे सराव आधीपासूनच सुरू असतात, संध्याकाळी. तिथं या, पथकप्रमुखांना विचारा आणि नुसत्या बसा. पहिल्या दिवशी सगळे तुमच्याकडं बघून हसतील, आठवड्यानं कुणी ढुंकूनही बघणार नाही. काढलेले फोटो पथकाच्या ग्रुपवर पाठवा. विसर्जनाला दोरीच्या आत घेतीलच असं नाही, पण ढकलून तरी देणार नाहीत.

दुसरं म्हणजे, वादन चालू असतानाचे फोटो गावभर असतात. तुम्ही ठेका थांबला की बघा. कुणाच्या तरी ढोलाचं पान (ताणलेला पडदा) फुटलेलं असतं. ढोल आडवा पाडून एक जण त्यावर गुडघा रोवतो, दुसरा पाय लावून दोर ओढतो, तिसरी दातांनी चिकटपट्टी तोडून सोललेल्या बोटाला गुंडाळत असते. शेजारी कुणी दुसऱ्याच्याच बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतं आणि त्यावरून बोलणी खातं. तेव्हा कॅमेऱ्याचं भान कुणालाच नसतं.

आणि हे तुमच्यासाठी नाही, पण लिहितेच. नऊवारीतल्या मुली वाजवायला लागल्या की काही जण खाली बसून अँगल लावतात. आम्हाला कळतं.

आयएसओ_६४००
आकडे देतो. दिवसा शटर १/५००, अ‍ॅपर्चर एफ/८, ऑटो आयएसओ. टिपरूची हालचाल दाखवायची तर १/३० ते १/६०. दहातले आठ वाया जातील, उरलेल्या दोनात चेहरा स्थिर आणि हात धूसर मिळतो. संध्याकाळी एलईडीच्या उजेडात फोटोवर पट्टे दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा.

लेझरचा किरण लेन्समधून थेट आत गेला तर सेन्सर कायमचा जाऊ शकतो, मोबाईलचासुद्धा. दिसला की कॅमेरा खाली.

रस्त्यात लेन्स बदलू नका. गुलाल ब्लोअरनं उडवा, रुमालानं पुसलात तर काचेवर ओरखडे. झूमची नळी आत-बाहेर होताना धूळ आत ओढते, तेव्हा पेठकरांचं ‘झूमला हात लावू नका’ मला दोन्ही अर्थांनी पटतं. पारदर्शक पिशवी आणि रबर बॅंड पुरतं. कानात बोळे घाला.

जुना_पेठकर
रात्रीचं राहिलं. मानाचे गणपती संध्याकाळी उरकतात. नंतर लक्ष्मी रोडवर स्पीकरच्या भिंती येतात, माझ्या मते फोटोच्या दृष्टीनं सगळ्यात रटाळ भाग. तेवढ्यात घरी जाऊन जेवून घ्या.

मेघा_फिरस्ती
सायली, रात्री त्या रेट्यात एकटीनं नकोच. त्यापेक्षा झोप काढून पहाटे पाचला ये. बाराला स्पीकर बंद होतात आणि सहापर्यंत मंडळं जागच्या जागी थांबून असतात. गणपती रस्त्यात उभा, कार्यकर्ते दुकानांच्या पायऱ्यांवर, ट्रॉलीत, ढोलाला टेकून आडवे. मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही चालते, त्यामुळं घाई नाही. विसर्जनाच्या दिवशी सकाळी येशील तेव्हाही लवकर ये, रांगोळीच्या पायघड्या घालणारे हात गर्दीच्या आधीच मिळतात. मेट्रोनं आलीस तर मंडईऐवजी कसबा पेठ स्टेशनला उतरून चालत जा.

ताशा_कडकड
झोपलेल्या माणसाचा चेहरा विचारल्याशिवाय टाकू नका हं. आमच्यातल्या एकाचा तोंड उघडं टाकलेला फोटो अजून फिरतोय.

आयएसओ_६४००
सार्वजनिक रस्ता आहे, एवढं मनावर घेतलं तर कॅन्डिड काढायचंच बंद करावं लागेल.

मेघा_फिरस्ती
काढ की. टाकण्याबद्दल बोलतोय आम्ही. लहान मुलांचा तर आई-बापाला दाखवल्याशिवाय नाहीच, आणि कुणी ‘नको’ म्हणालं तर त्याच्यासमोर डिलीट.

सायली_पिंपरी
सगळ्यांचे मनापासून आभार. पॅनकेक सेकंडहॅंड शोधते. ताशाताई, रविवारी सरावाला आले तर चालेल का?

ताशा_कडकड
या की. जागा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. डास फार आहेत, पूर्ण बाह्यांचं घाला.

जुना_पेठकर
५५-२५० विकणार असाल तर आधी मला विचारा. सिंहगड व्हॅलीत पक्ष्यांना लागते.