अनुभव धागा: लेनर्ड कोहेनचं 'बेस्ट ऑफ', तुम्ही कुठल्या दाराने आत गेलात?

भाचीने विचारलं, "मामा, लेनर्ड कोहेन ऐकायचाय, कुठून सुरू करू?" कोहेन म्हणजे कॅनडाचा, स्वतः लिहून गाणारा गायक. मी बिनदिक्कत त्याच्या निवडक गाण्यांचा १९७५चा संग्रह 'द बेस्ट ऑफ लेनर्ड कोहेन' सांगितला आणि संग्रह ऐकावा की मूळ अल्बम, यावरून आमच्या नाशिकच्या गाणेवेड्या मंडळींत जुंपली. म्हणून हे आवताण. हा माणूस तुम्हाला कसा भेटला ते लिहा. "संग्रह ऐकूच नये" असं मत असलं तरी लिहा, फक्त कारण द्या. नवख्यांसाठी: ७५च्या संग्रहात पहिल्या चार स्टुडिओ अल्बममधली १२ गाणी आहेत आणि प्रत्येक गाण्यावर त्याने स्वतः थोडंसं लिहिलंय. २००२चं 'द इसेन्शियल' दोन सीडींचं, त्यातली निवडही त्याचीच.

कॉलेज रोडवरून:
मला फक्त 'हालेलुया' हवं होतं. 'श्रेक' सिनेमात ऐकलेलं, तिथला आवाज जॉन केलचा हे नंतर कळलं. मित्राने पेनड्राइव्हवर ७५चा संग्रह दिला. त्यात ते असणार कुठून? ते आलं १९८४च्या अल्बममध्ये, आणि तो अल्बम तेव्हा अमेरिकेत काढायला कोहेनच्या रेकॉर्ड कंपनीनेच नकार दिला होता. मी आपली एकेक गाणं पुढे ढकलत शोधतेय. 'सुझान'पाशी बोट थांबलं. 'हालेलुया' मग कित्येक महिने शोधलंच नाही.

निफाडहून:
आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा इतका उतरतो की द्राक्षबागायतदाराची झोप उडते. मणी तडकायची भीती. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, धूर धरायचा, ठिबक चालू ठेवायचं. अशा वेळी मफलरच्या आत एक इअरफोन असतो माझा. पुतण्याने मोबाइलमध्ये भरून दिलेल्या १२ गाण्यांत 'फेमस ब्लू रेनकोट' होतं. इंग्रजी बेताचं, पण सुरुवात समजली: पहाटेचे चार, डिसेंबर संपत आलेला, थंडी. घड्याळात बघितलं, चारला दहा कमी! गाणं म्हणजे अख्खं पत्रच आहे. आपल्या बाईच्या आयुष्यात येऊन गेलेल्या मित्राला लिहिलेलं. शिवी नाही, आरडाओरड नाही, विचारपूस केल्यासारखं बोलतो. आणि शेवटी चक्क स्वतःच्या आडनावाची सही करतो, तीही गाऊन. गाण्यात सही मी पहिल्यांदाच ऐकली. हातातली पाचट शेकोटीत टाकायची राहिली. नंतर पुतण्याकडून शब्द लिहून घेतले, तो कागद औषधांच्या वहीत आहे.

सातपूरहून:
झोप येते राव. सेकंड शिफ्टनंतर तर हमखास. त्यासाठी मात्र उत्तम.

पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक:
माझं मत २००२च्या संग्रहाला. कारण सोपं, गाणी काळाच्या क्रमाने लावलीत. नाशिकरोडला सुरू केलं की कसारा घाट उतरेपर्यंत पहिली सीडी होते. १९६७चा तो पातळ, जरा नाकातला आवाज आणि सोबत गिटार. पुढे पुढे कीबोर्ड येतो, आवाज खाली खाली जातो, आणि २००१च्या गाण्यांत तर तो गातोय की कानाशी बोलतोय कळत नाही. माणूस म्हातारा होताना ऐकायचा असेल तर असा ऐकावा. सुट्या अल्बममधून हे इतकं ठळक दिसत नाही.

गंगापूर रोडवरून:
मी विरोधी पक्षात. नुसती तर्री पिऊन मिसळ कळत नाही. 'फेमस ब्लू रेनकोट' ज्या अल्बममधलं, त्याची सुरुवात 'ॲव्हलांच'ने होते. ते ७५च्या संग्रहात नाही. म्हणजे अंधारातून चालत त्या पत्रापर्यंत पोचायचं, तो रस्ताच काढून टाकला. दुसरं, त्या संग्रहातलं 'द पार्टिझन' त्याने लिहिलेलंच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रेंच प्रतिकाराचं गाणं आहे ते, चाल ॲना मार्लीची. लिहून गाणाऱ्या माणसाची ओळख करून देताना हे चालतं का? (गाणं झकास आहे, हे कबूल.)

सिन्नरहून:
का चालू नये? आमच्या तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक स्वतः लिहायचे, स्वतः गायचे. आम्ही मात्र त्यांची गाणी बहुतेक इतरांच्या गळ्यातून ऐकली आणि कोणाची ते मागाहून कळलं. वरच्या ताईंचं 'हालेलुया' तसंच. गाणं आधी पोचतं, नाव मागून येतं.

इंदिरानगरहून:
माझं दार निराळंच. निसर्गदत्त महाराजांचं वाचता वाचता त्यांचे शिष्य रमेश बाळसेकर यांच्यापर्यंत पोचलो. बँक ऑफ इंडियात मोठ्या पदावर होते, म्हणून मला, जुन्या बँकवाल्याला, जास्त आपुलकी. त्यांच्या मुंबईतल्या घरी सत्संगाला एक कॅनडाचा गायक येऊन बसायचा, १९९९च्या सुमारास, असं वाचलं. तो हा. मग मुलाने 'लाइव्ह इन लंडन' लावून दिलं, २००८च्या कार्यक्रमाचं. सत्तरी उलटलेली, साठवलेला पैसा गेलेला, म्हणून पुन्हा दौऱ्यावर निघालेला माणूस. पण कुठे कुरकुर नाही. वादकांची नावं किती अदबीने घेतो! माझ्या वयाच्या माणसाने संग्रह-बिंग्रह सोडून हेच ऐकावं. लोकांच्या टाळ्यांवरून कुठलं गाणं मोठं तेही कळतं.

निफाडहून:
गंगापूर रोडवाले साहेब, ते पत्राचं गाणं असलेल्या अल्बमचं नाव टाका की. पुतण्याला सांगतो.

गंगापूर रोडवरून:
'सॉन्ग्ज ऑफ लव्ह अँड हेट', १९७१. पहिल्या गाण्याला दचकू नका. आणि मधलं काही गाळू नका, तेवढं बघा.