मदत हवी आहे: सदाफुलीचं औषध ल्युकेमियाची पेशी नेमकी कशी मारतं?

नमस्कार मंडळी. दारव्ह्याकडच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला शिकवतो. पोरांनी सेमिनारला व्हिन्क्रिस्टीन (सदाफुलीतून मिळणारं, ल्युकेमियाचं म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं औषध) घेतलंय, कारण सदाफुली इकडं घरोघरी अंगणात. (शुगरसाठी तिची पानं चावणारे काकाही गावोगाव! बाबांनो, विषारी आहे ती.)

हे औषध ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, विभाजनाचे धागे बनत नाहीत, पेशी मधेच अडकते. इथवर ठीक. पण अडकलेली पेशी स्वतःला संपवते कशी? व्हेनेटोक्लॅक्सचं (ल्युकेमियाचंच दुसरं औषध) सरळ आहे: ते बीसीएल-२ या, पेशीला मरू न देणाऱ्या प्रथिनाची खाच अडवतं, बिमसारखी मरणाचा इशारा देणारी प्रथिनं सुटतात, बॅक्स-बॅक ही प्रथिनं मायटोकॉन्ड्रियाला भोकं पाडतात, सायटोक्रोम-सी बाहेर येतं, मग कॅस्पेज-९ आणि ३ ही पेशी मोडणारी एन्झाइमं कामाला लागतात. व्हिन्क्रिस्टीनमध्ये एमसीएल-१ (बीसीएल-२सारखंच पेशीला वाचवणारं प्रथिन) घटल्यानं हीच साखळी सुरू होते का? जाणकारांनी पोरांना कळेल असं सांगावं.

आणखी एक. फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) आमच्या स्वप्नातही नाही, डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी जेल चालवायची पेटी तेवढी आहे. मरणाऱ्या पेशींचा डीएनए सुमारे १८० बेसजोड्यांच्या पटीत तुटून शिडीसारखा दिसतो, तो दाखवायचाय. रुग्णाचं रक्त न वापरता कोणत्या पेशींवर जमेल? कोणी करून पाहिलं असेल तर कृती टाका, औषधाच्या मात्रेसकट.