खांदेरीची सहल: तारीख भरती बघून ठरवू या

बी-४०१: नमस्कार मंडळी. यंदा सहलीला घारापुरीऐवजी थळसमोरच्या बेटावरचा खांदेरी किल्ला करू या का? मराठ्यांचे जे १२ किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात हा आहे. मांडव्यापर्यंत लाँच, पुढे गाडीने थळ, थळहून होडी. येता रविवार कसा वाटतो?

सी-२०२: आम्ही चौघं नक्की.

ए-१०३: खांदेरीला एकदम होकार, माझं माहेरच थळचं. पण येता रविवार नको, भाऊजी. त्या दिवशी नवमी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नवमीला पावणेसात, म्हणजे दुपारी एकच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ऐन आपल्या वेळेला होड्या चिखलात बसलेल्या असतील. त्यापुढच्या रविवारी प्रतिपदा आहे, भरती पाऊणच्या आसपास. अकराला निघायचं, अडीचला परत फिरायचं. उधाणाचे दिवस आहेत, तेव्हा वारा बघून तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नको म्हणाला तर हट्ट करायचा नाही.

सी-२०२: वहिनी, मुलांना तिथे बघायला काय आहे?

ए-१०३: खूप आहे! चाकांच्या लोखंडी गाड्यांवर चढवलेल्या तोफा अजून तटावर उभ्या आहेत. एक दगड आहे, त्यावर छोटा दगड आपटला की पितळी भांड्यासारखा आवाज येतो. कोळ्यांचा वेताळ आहे, तिथे चपला काढायच्या. १८६७ सालचं दीपगृह आहे. आणि मुलांना बुरुजावर उभं करून समोरचं उंदेरी बेट दाखवायचंच. महाराजांनी १६७९ मध्ये मायनाक भंडारींना खांदेरी बांधायला पाठवलं, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आरमार आणून वेढा घातला. वारा पडला की त्यांची मोठी जहाजं जागीच अडकायची, आपल्या होड्या मात्र वल्ही मारत उथळ पाण्यातून माणसं आणि सामान पोचवायच्या. ऑक्टोबरच्या लढाईत त्यांचं ‘डव्ह’ जहाज आपल्या लोकांनी पकडलं. शेवटी इंग्रज हटले, आणि जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं. हे सगळं त्या पाण्यातून जाताना जितकं कळतं, तितकं पुस्तकातून कळत नाही.

बी-४०१: वा! मग प्रतिपदेचा रविवार पक्का करू.

डी-३०४: आमच्या आईंना यायचं आहे. गुडघे दुखतात, जमेल का?

ए-१०३: काकूंना आणा, पण आधी स्पष्ट सांगते. थळला भरतीतही गुडघाभर पाण्यातून जाऊन होडीच्या काठावरून आत चढावं लागतं. दोघांनी हात धरला तर होईल. त्यांना भीती वाटत असेल तर माझ्या वहिनीकडे थळला बसतील, जेवणाची सोय आहे. बेटावर हॉटेल नाही, तेव्हा पाणी, डबे, टोप्या प्रत्येकाने आपापल्या न्यायच्या. कचरा परत आणायचा.

डी-३०४: आईंना विचारून सांगते.

सी-२०२: लाइफ जॅकेट?

ए-१०३: सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. लहान मापाची किती लागतील ते कळायला हवं. मुलांची वयं आज रात्रीपर्यंत इथेच टाका, मी थळच्या माझ्या दादाला कळवते. बेटावर जायला परवानगी लागते का, तेही त्याला विचारून ठेवते.

बी-४०१: मुलगी, वय ७.

सी-२०२: मुलगे, ९ आणि १२.