‘गिअरबॉक्स गेला’ हे ऐकून पैसे मोजायचे, की आधी तपासणीचे पैसे द्यायचे? (जुनी एमएल, नागपूर)

धरमपेठ_८८
गाडी २००८ ची मर्सिडीज एमएल, डिझेल, सात गिअरचा ऑटोमॅटिक. उन्हात वर्धा रोडवर बरीच चालली की एकाच गिअरमध्ये अडकते, पिकअप संपतो. बाजूला घेऊन बंद-चालू केली की शहाण्यासारखी चालते. शहरातल्या एका गॅरेजने छोटा स्कॅनर लावला, पी०७०० दिसला आणि चहा यायच्या आत निकाल दिला: “गिअरबॉक्स गेला, साडेतीन लाख.”

माझा आक्षेप त्या आकड्यावर नाही, तो ज्या आधारावर काढला त्यावर आहे. पी०७०० वरून कोणता भाग बिघडला हे कळतच नाही. गिअरच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला एवढंच कळवलेलं असतं की माझ्याकडे काहीतरी नोंद झाली आहे. ती नोंद वाचायला त्या कंपनीच्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते कोणी लावलंच नाही.

माझ्या गाडीतल्या या ७२२.९ मॉडेलच्या बॉक्समध्ये कॉम्प्युटर आणि स्पीड सेन्सर एकाच प्लेटवर आहेत, आणि ती प्लेट बॉक्सच्या आत, गरम ऑईलमध्ये. सेन्सर तापून सिग्नल सोडतो, कॉम्प्युटरला वेग कळेनासा होतो आणि तो बॉक्स एका गिअरवर धरून ठेवतो. तेव्हा क्लच, पंप, गिअर सगळं धडधाकट असू शकतं. मग साडेतीन लाख कशाचे?

बॅटरीचं व्होल्टेज बघा (पडक्या बॅटरीवर या गाड्या वाटेल ते कोड दाखवतात), ऑईलची पातळी आणि वास बघा, चालत्या गाडीतले आकडे रेकॉर्ड करा, शेवटी चेंबर (बॉक्सच्या तळाचं ऑईलचं भांडं) उतरवा. त्याआधी कोणी भाव सांगू नये. या तपासणीचे वेगळे पैसे द्यायची माझी तयारी आहे.

हिंगणा_रोडवाला
भाऊ, मी ऑटोमॅटिकचंच काम करतो. प्लेटचं तुम्ही बरोबर लिहिलं. पण “गरम झाल्यावर होतं म्हणजे सेन्सर” हे मला मान्य नाही. ऑईल तापलं की पातळ होतं. बॉक्सच्या आतल्या, ऑईलच्या प्रेशरवर चालणाऱ्या क्लचच्या पिस्टनचं रबर जुनं होऊन कडक झालं असेल तर थंड गाडीत निभावतं, गरम झाल्यावर ऑईल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं, क्लच घसरतो. लक्षण तेच, वर्धा रोडही तोच.

बंद-चालू केल्यावर ठीक होते, हाही पुरावा नाही. कारण सेन्सर असो की क्लच, इग्निशन बंद केलं की लिंप मोड (बिघाड दिसला की कॉम्प्युटर एकाच गिअरवर धरून ठेवतो तो) बहुतेक वेळा सुटतो. कॉम्प्युटर पुन्हा चूक पकडेपर्यंत गाडी चांगलीच वाटते.

आता पैशांचं. तपासणीचे पैसे देतो म्हणणारे पुष्कळ भेटतात. ट्रायल घेतो, ऑईल काढतो, रिपोर्ट सांगतो. तोच रिपोर्ट घेऊन माणूस भंगारातली प्लेट शोधतो आणि दुसरीकडे बसवतो. ती प्लेट गाडीच्या चोरी-सुरक्षेला बांधलेली असते, कोडिंगशिवाय चालत नाही. मग गाडी टोचनवर माझ्याच दारात! म्हणून आम्ही एकच आकडा सांगतो, गॅरंटीसकट. आज प्लेट टाकली आणि दिवाळीला क्लच गेला तर शिव्या प्लेटला पडत नाहीत, मला पडतात.

वर्धेचा_पाहुणा
राजेहो, इतकी जुनी गाडी हाय अन् तुमी सेन्सर मोजून राह्यले! समृद्धीवर १२० ची लिमिट हाय. तिथं हे धूड मधातच अडकलं अन् मागून ट्रॅव्हल्स आली त काय करसान? विका ना बाप्पा. निम्म्या भावात गेली तरी साडेतीन लाख वाचले.

धरमपेठ_८८
@वर्धेचा_पाहुणा, समृद्धीचं म्हणणं पटलं. निदान होईपर्यंत गाडी रिंग रोडच्या आत. पण “गिअरबॉक्स गेलेली” म्हणून विकली तर भाव भंगाराचा, आणि घेणारा प्लेट बदलून महिन्याभरात दुप्पट करणार. विकायचं असेल तरी आधी काय बिघडलंय ते कळायला नको?

@हिंगणा_रोडवाला, रबराचा मुद्दा बरोबर, पण हे दोन बिघाड आकड्यांत वेगळे दिसतात. गाडी ८० ने जात असताना सेन्सरचा आकडा एका क्षणात शून्यावर आला, तर सेन्सर किंवा त्याचं सर्किट. चालत्या गाडीत आतला भाग असा थांबू शकत नाही. क्लच घसरतो तेव्हा आकडा शून्य होत नाही, त्या गिअरच्या हिशेबापेक्षा वर वर सरकत जातो. सीटवरही कळतं: आरपीएम आधी उसळतं आणि मग गाडी अडकते. माझी उसळत नाही, सरळ अडकते. ही एक ट्रायल लॅपटॉप लावून घ्यायला काय हरकत आहे?

कामठी_डिझेल
मध्येच बोलतो. मेहुण्याच्या बीएमडब्ल्यू एक्स५ लाही हाच निकाल मिळाला होता, कारण पार्किंगमध्ये पूर्ण वळवून काढताना गाडी धक्के द्यायची. पुढचे दोन टायर कोरे, मागचे गुळगुळीत. फोर व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायरचा घेर जुळला नाही तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) सतत भांडत राहते. चारही सारखे टाकले, धक्के गेले. गिअरबॉक्सला हात लागला नाही.

आणि ऑईल बदललंय का कधी? ‘लाइफटाइम ऑईल’, म्हणजे कधी बदलायलाच नको, यावर विसंबू नका. बीएमडब्ल्यू, लँड रोव्हरला बॉक्स देणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं सांगते.

हिंगणा_रोडवाला
तेही जपून. लोक बॉक्स घसरायला लागल्यावर ऑईल बदलायला येतात. घासलेला क्लच नव्या ऑईलने भरून येत नाही, थोड्या दिवसांत जायचा तो जातो, आणि गावभर होतं की ऑईल बदलल्याने गेला.

अंबाझरी_टॉप
गाडी सेकंडहँड असेल तर एक विचारतो: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे ती कुठे उभी होती? नागपूरच्या त्या पुरात आमच्या अंबाझरीच्या गल्लीत गाड्यांच्या काचांपर्यंत पाणी होतं. बॉक्सच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) पाणी आत गेलं की ऑईल दुधाळ गुलाबी होतं आणि क्लच प्लेटवरचं अस्तर सुटायला लागतं. रेडिएटरच्या आतला ऑईल कूलर फुटला तरी तसंच. तसं निघालं तर तुमचा सेन्सर नवा टाकूनही उपयोग नाही.

हिंगणा_रोडवाला
हे मात्र लाखातलं बोललात. ऑईल न बघता स्कॅनरवर भांडण्यात अर्थ नाही.

@धरमपेठ_८८, ऐका. याला डिपस्टिक नाही. पातळी इंजिन चालू ठेवून, ऑईल ४५ अंशांवर असताना, चेंबरच्या बोल्टमधून बघायची. मे महिन्यात दुपारी माझ्या शेडखालीच तेवढं असतं, गाडी चालवत आणली की ऑईल कधीच पुढे गेलेलं. फुगलेलं ऑईल बघून ‘लेव्हल बरोबर’ म्हणतात आणि बॉक्स लिटरभर कमीवर पळतो. गाडी आदल्या संध्याकाळी लावून जा, मी पहाटे बघतो. मग उन्हात बुटीबोरीपर्यंत लॅपटॉप लावून जाऊ. चेंबर उघडल्यावर त्यातल्या, लोखंडाचा चुरा धरणाऱ्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असला तर चालतं. चकचकीत कण किंवा काळे पापुद्रे दिसले तर बॉक्स उतरवावाच लागेल.

तपासणीचे पैसे आधी घेईन. काम माझ्याकडे केलं तर बिलातून वजा.

वर्धेचा_पाहुणा
अन् पापुद्रे निंगाले त साडेतीन लाख अधिक तपासनी. म्या काय म्हनत होतो?

धरमपेठ_८८
@हिंगणा_रोडवाला, मंजूर. ट्रायलचं रेकॉर्डिंग मात्र मला पेनड्राइव्हवर हवं.

हिंगणा_रोडवाला
देतो. पण त्यात घसरण दिसली तर “फक्त प्लेट टाकून बघा ना” म्हणायचं नाही.