दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांना आंबवलेलं पूरक खाद्य: खर्च की कमाई?

कुडाळचा वराहपालक
काल गटावर एकाने लिहिलं, "यीस्ट आणि लॅक्टोची (खाद्यात मिसळायच्या जिवंत जंतूंची) पाकिटं म्हणजे शेतकऱ्याचा खिसा कापायचा धंदा. आंबट ताक घाला, पिल्लं आपोआप वाढतात." त्याला भराभर अंगठे मिळाले, म्हणून सविस्तर लिहितोय.

पिल्लू आईपासून तोडलं की खाणं घटतं. पोटात पुरेसं आम्ल तयार होत नाही आणि आतड्याचा आतला थर झिजतो. ई. कोलाय हा जुलाब लावणारा जंतू नेमकी तिथेच संधी साधतो. शेपटीखालची कातडी लाल, ओली, पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून कुडकुडतायत, हे ज्याने पाहिलंय त्याला ताकाचा सल्ला सुचणार नाही. पूर्वी यावर सर्रास कोलिस्टिन हे प्रतिजैविक चालायचं, 2019 मध्ये केंद्राने जनावरांसाठी ते बंद केलं. युरोपने वाढीसाठीची प्रतिजैविकं 2006 पासून आणि जुलाबावरचे झिंक ऑक्साइडचे औषधी डोस 2022 पासून थांबवले. मग पर्याय काय? जिवंत यीस्ट, बॅसिलस हे उपयोगी जंतू, आंबवलेली सोयापेंड. आंबवल्याने सोयातले न पचणारे घटक मोडतात, कोवळ्या पोटाला ती पेंड सोसते. एकूण खर्चातला साठ-सत्तर टक्के खाद्यावर जातो. तेव्हा पाकिटाची किंमत बघू नका, एक किलो वजन वाढायला किती खाद्य गेलं ते बघा.

दोडामार्गकर
हिशेब मोठ्या फार्मचा आहे. माझ्याकडे मोजक्या माद्या. व्यापारी येतो, नजरेने अंदाज करतो आणि अंगावर सौदा ठरवतो, काटा लावतच नाही. पिल्लू दोन किलो जास्त भरलं तरी मला काय मिळणार? शिवाय जूनमध्ये पाकीट फोडलं की चार दिवसांत पावडरीचे गोळे होतात. त्यात जिवंत काय उरतं?

कुडाळचा वराहपालक
काट्याचं म्हणणं खरं आहे. पण तो दोष व्यापाऱ्याचा, पावडरीचा नाही. स्वतःचा काटा घ्या. आणि दमट हवेत बॅसिलस निवडा, त्याचे बीजाणू टिकतात. लॅक्टोबॅसिलस उष्णतेत लवकर मरतो.

बांद्याचो
मी गोव्यातल्या हॉटेलांतला उष्टा रोज हाडतंय. खर्च फक्त गाडयेच्या डिझेलाचो. माझी डुकरा त्याच्यारच मोठी जाली. मका-सोयापेंड घालून वर ही पावडर कोणाक परवडता?

वेंगुर्ला_पशुसेवा
धागा पिल्लांचा आहे, पण हे वाचून गप्प बसवत नाही. त्या उष्ट्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग 2020 मध्ये आसाम-अरुणाचलमधून देशात शिरला. त्याचा विषाणू गोठवलेल्या, खारवलेल्या मांसातही महिनोन्महिने टिकतो. औषध नाही. एका बादलीतून तुमचंच नाही, आख्ख्या गावाचं शेड रिकामं होईल! न उकळलेलं उष्टं घालणं हा गुन्हाच समजतो मी.

बांद्याचो
गुन्हो? माझ्या बापाशीन ह्याच केल्यान. तुमी हाफिसात बसून आमका गुन्हेगार ठरवतास?

वेंगुर्ला_पशुसेवा
ऑफिसात नाही, शेडमध्ये उभा राहून बोलतोय. वडिलांच्या काळात हा रोग आपल्या देशात नव्हता. खदखदून उकळा, मग घाला. एवढंच मागणं आहे.

सावंतवाडी_शेजारी
उकळा नाहीतर आंबवा, शेजारच्या शेडच्या खालच्या बाजूला आमची विहीर आहे. पावसात सगळं पाणी तिकडेच येतं. ग्रामपंचायतीत अर्ज करून दमलो. आधी शेणखड्डा करा, मग नफ्याच्या गोष्टी करा.

दोडामार्गकर
तुमचा राग समजतो, पण सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. माझा खड्डा पक्का आहे. मूळ मुद्द्यावर येतो: काजूच्या हंगामात बोंडूचा चोथा फुकट पडतो. तोच पिंपात आंबवला तर पाकिटाची गरज काय?

वेंगुर्ला_पशुसेवा
मोठ्या डुकरांना जरूर घाला. दूध तोडलेल्या पिल्लांना नको. बोंडूत टॅनिन हा तुरट घटक असतो, प्रथिनं कमी आणि चोथा जास्त. घरच्या पिंपात कुठला जंतू वाढेल याचा भरवसा नाही. बुरशी दिसली तर सगळं फेका. आणि पूर्ण खाद्य पिंपात आंबवत ठेवू नका, वरून घातलेलं लायसिन (वाढीला लागणारं अमिनो आम्ल) जंतूच खाऊन टाकतात. आधी धान्य आंबवा, लायसिन खायला देताना मिसळा. ओल्या खाद्याने चांगली वाढ होते, पण गव्हाण रोज धुतली तरच.

कुडाळचा वराहपालक
एकच वीण अर्धी-अर्धी करा. एका भागाला पावडर, दुसऱ्याला नाही, बाकी सगळं सारखं. दूध तोडताना आणि विकताना दोन्हीकडचं वजन घ्या, मेलेलीही मोजा. पिल्लं वाचली तर काटा न लावणाऱ्या व्यापाऱ्याकडूनही पैसे वाढतात, कारण नग वाढतात.

दोडामार्गकर
नगांचा मुद्दा मान्य. वजनाचा अजून नाही. करून बघतो, पण आकडे उलटे आले तर इथेच टाकणार.

बांद्याचो
उकळूक तयार आसंय. पण पावसात सुकी लाकडा गावतत खय? ता कोण सांगता काय?