मदत हवी आहे: गायाचा कोन हलला की लंबन का चुकतं?

नमस्कार मंडळी,
ताऱ्यांची स्थानं मोजणाऱ्या अवकाश दुर्बिणींची रचना समजून घेतोय, पण एका जागी गाडी अडलीय.

२०१३ साली सोडलेल्या गाया या युरोपीय अवकाशयानावर दोन दुर्बिणी १०६.५ अंशांच्या कोनात, सिलिकॉन कार्बाइडच्या एकाच कड्यावर बसवल्या होत्या. दोन्हींची प्रतिमा एकाच सीसीडी (प्रकाश टिपणाऱ्या चिपांच्या) पटलावर पडायची. आकाशातल्या लांबलांबच्या ताऱ्यांची थेट तुलना झाल्यामुळे निरपेक्ष लंबन (सूर्याभोवतीच्या फेरीमुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं, तेही इतर ताऱ्यांच्या सापेक्ष नव्हे) मिळतं, इथवर पटलं. गायाच्या आधीच्या हिप्पार्कस यानातही हीच युक्ती होती, फक्त कोन ५८ अंशांचा. फारच सुंदर कल्पना आहे ही!

आता अडचण. यान ६ तासांत स्वतःभोवती एक फेरी मारायचं आणि त्याच लयीत हा कोन साधारण १ मिलिआर्कसेकंदाने (अंशाच्या ३६ लाखाव्या भागाने) हलायचा. यानावरची लेसर यंत्रणा ते मोजतही होती. पण सूर्याच्या दिशेशी बांधलेल्या या बदलातला कोसाइनचा भाग म्हणे सगळ्याच ताऱ्यांच्या लंबनात सारखी भर घालतो. कोसाइनच का, साइन का नाही? गायाच्या तिसऱ्या माहितीसंचात क्वेसारांचं (अतिदूरच्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रांचं) लंबन शून्याऐवजी उणे १७ मायक्रोआर्कसेकंदांच्या (मिलिआर्कसेकंदाचा हजारावा भाग) आसपास आलं, त्यात याचा वाटा किती?

कुणी आकृती काढून, पायरीपायरीने समजावलं तर फार बरं होईल. गोलीय त्रिकोणमिती येते, त्यामुळे गणित बिनधास्त लिहा.