मदत हवी आहे: वेव्हलेंग्थ कन्व्हर्टर नेमके कुठल्या नोडवर बसवावेत?

नमस्कार मंडळी,

प्रबंधासाठी डब्ल्यूडीएम नेटवर्कचं (एकाच फायबरमधून वेगवेगळ्या तरंगलांबींवर माहिती पाठवणारं नेटवर्क) सिम्युलेशन करतोय आणि कन्व्हर्टरच्या, म्हणजे वाटेत प्रकाशाची तरंगलांबी बदलणाऱ्या उपकरणांच्या, जागा ठरवताना अडलोय. नेटवर्क नेहमीचंच, १४ नोड आणि २१ लिंकचं एनएसएफनेट (अमेरिकेतल्या जुन्या संशोधन नेटवर्कचा आराखडा). जोडणीच्या मागण्या पॉसाँ पद्धतीने (ठरावीक सरासरी दराने, पण कधीही) येतात, मार्ग आधीच ठरलेले, तरंगलांबी फर्स्ट-फिटने (क्रमाने पाहत पहिली मोकळी मिळेल ती).

कन्व्हर्टर नसेल तर लाइटपाथला (एका मागणीसाठी जोडलेल्या प्रकाशमार्गाला) या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच तरंगलांबी लागते. प्रत्येक लिंकवर काही ना काही मोकळं असूनही तीच तरंगलांबी सगळीकडे मोकळी नसेल, तर मागणी नाकारली जाते. प्रत्येक नोडवर कन्व्हर्टर बसवणं परवडत नाही, म्हणून मोजक्या जागा निवडायच्या.

जागेने किती फरक पडतो ते कागदावर मांडून पाहिलं. चार लिंकचा मार्ग, दर लिंकवर ८ तरंगलांबी, प्रत्येक व्यस्त असण्याची शक्यता ०.५, आणि सगळं एकमेकांपासून स्वतंत्र धरलं. कन्व्हर्टरविना ब्लॉकिंग (मागणी नाकारली जाण्याची शक्यता) साधारण ०.६०. एक कन्व्हर्टर पहिल्या लिंकनंतर ठेवला तर ०.३५, तोच मधोमध ठेवला तर ०.१९. मधल्या तिन्ही नोडवर ठेवले तर ०.०१६. नुसती जागा हलवून एवढा फरक पडतो, म्हणूनच हा भाग अंदाजाने उरकायची माझी तयारी नाही.

पूर्ण नेटवर्कवर मात्र गाडी अडते. ज्या नोडवरून सर्वाधिक लाइटपाथ पुढे जातात तिथे बसवायचा, हा नियम बऱ्याचदा शेजारशेजारचे नोड निवडतो, आणि मग दुसरा कन्व्हर्टर पहिल्याने सोडवलेल्या मार्गांनाच पुन्हा मदत करत राहतो. ग्रीडी पद्धत (दर वेळी ब्लॉकिंग सर्वांत जास्त घटवणारा नोड घ्यायचा) हे टाळते, पण एकदा घेतलेला नोड सोडत नाही. १४ पैकी ४ नोड निवडायचे तर १००१ पर्याय, ते सगळे तपासता येतील. पुढे ३० नोडचं नेटवर्क घ्यायचंय. त्यात ६ निवडायचे तर ५,९३,७७५ पर्याय होतात.

त्यातून ब्लॉकिंग ०.००१ असेल तर एक लाख मागण्यांत जेमतेम शंभर नाकारल्या जातात. म्हणजे अंदाजात दहा टक्क्यांच्या आसपास चढउतार आलाच. चांगल्या पर्यायांमधला फरक त्याहून कमी असतो, त्यामुळे रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक) बदलला की क्रमवारी उलटते.

जाणकारांना विचारायचंय ते असं. सगळ्या पर्यायांना मागण्यांचा तोच क्रम देऊन फक्त फरक मोजला तर क्रमवारी विश्वासार्ह होईल का? की आधी वरच्या कागदावरच्या हिशेबासारख्या सूत्राने चाळणी लावून उरलेल्यांचंच लांब सिम्युलेशन करावं? सूत्र लिंक स्वतंत्र धरतं आणि फर्स्ट-फिटमध्ये तसं नसतं, तेव्हा चाळणीतच चांगला पर्याय गळून जाईल अशी धास्ती वाटते. ग्रीडीनंतर एकेक नोड अदलाबदल करून पाहण्याचा कुणाला अनुभव असेल, तर मोठ्या नेटवर्कवर त्याने कितपत सुधारणा झाली तेही कृपया सांगा.